एक मीटर नवी चिंधी

आमच्या घरात सध्या चौदा कात्र्या आहेत आणि दुधाची पिशवी कापायला एकही नाही.

चौदांपैकी एक सुती कापडाची, एक जाड कापडाची, एक नुसते दोरे तोडायची, एक कडा नागमोडी कापणारी. एक सोनेरी, बगळ्याच्या आकाराची. तिची चोच दोरा सोडून नेमकी बोटाला लागते. उरलेल्या नऊ भेट म्हणून आलेल्या, आणि कुणी प्रेमाने दिलेली कात्री दुधाच्या पिशवीला लावणं बरं दिसत नाही. त्यामुळे आमचे हे रोज सकाळी पिशवीचा कोपरा दातांनी फाडतात. दूध थोडं पातेल्यात जातं, थोडं ओट्यावर, थोडं ह्यांच्या मिशांना.

एकदा त्यांनी माझ्या सुती कापडाच्या कात्रीने विजेच्या बिलाचं पाकीट कापलं. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते, हे कुठल्याही शिंप्याला विचारा. ते मी त्यांना समजावून सांगितलं. असा आवाज आपल्याकडे आहे हे छत्तीस वर्षांच्या संसारात मलाही माहीत नव्हतं. समोरच्या बिऱ्हाडाने बेल वाजवून ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं.

या कात्र्यांना मुळात मीच जबाबदार. तीन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात कुणीतरी विचारलं, ‘आता पुढे काय मॅडम?’ मी म्हटलं, ‘क्विल्टिंग.’ चूक तिथे झाली. ‘गोधड्या शिवणार’ म्हटलं असतं तर लोकांनी घरातल्या फाटक्या चादरी आणून दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण क्विल्टिंग म्हणजे छंद, आणि छंद असला की भेटवस्तू आल्या. रिळाच्या आकाराची कानातली आली. शिवणयंत्राचं चित्र असलेला मग आला. निवडुंगाच्या आकाराची टाचण्या टोचायची उशी आली. दुसऱ्या वर्षी तीच पुन्हा आली, तिसऱ्या वर्षी तिचं रोप. टाचण्या धरून ठेवणारी लोहचुंबकी बशी आली, तिने पहिल्याच दिवशी ह्यांचं घड्याळ बंद पाडलं. सगळ्यांत मोठी पिशवी नणंदबाईंनी दिली. तिच्यावर ठिगळंच ठिगळं, पण सगळी छापलेली. एकही जोड नाही. इतकी वर्षं माणसं फाटलेलं लपवायला ठिगळ लावत होती, आता धडधाकट कापडावर ठिगळाचं चित्र काढतात.

आम्ही देवनारला राहतो. देवनार म्हटलं की ऐकणारा आधी नाक मुरडतो, मग पत्ता विचारतो. त्याचं फारसं चुकत नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा आमच्या अंगणात येऊन पडतोय, आणि १९७१ मध्ये पालिकेचा कत्तलखानाही इथेच आला. एका बाजूला टाटांची समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्या विज्ञान संस्था आहेत. अभ्यासाला विषय शोधायला त्यांना फार लांब जावं लागत नसावं. अशा ठिकाणी राहून मी एकदा लिफ्टमध्ये फोनवर मैत्रिणीला म्हटलं, ‘उद्या येताना चार फॅट क्वार्टर आण गं.’

बरोबर पहिल्या मजल्यावरचे काका होते. ‘फॅट’ ऐकून त्यांना कत्तलखाना आठवला, ‘क्वार्टर’ ऐकून स्टेशनजवळचा बार. आणि दिवस एकादशीचा. संध्याकाळी बागेत त्यांनी ह्यांचा हात हातात घेऊन विचारलं, ‘वहिनींना हे कधीपासून?’

अमेरिकेत कापड गजावर मोजतात. पाव गज कापड लांबुळक्या पट्टीसारखं न कापता रुंदीचे दोन भाग करून कापलं, की साधारण १८ बाय २२ इंचांचा सुटसुटीत तुकडा मिळतो. तोच फॅट क्वार्टर. हे मी काकांना नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली तेव्हा तिच्या पिशवीकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून पटलं असेल असं वाटत नाही.

या छंदातली नावंच अशी खादाड आहेत. लेक ह्यूस्टनला असते. तिथे दर वर्षी क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरतं. सभागृह एवढं, की त्यात आमची अख्खी सोसायटी पार्किंगसकट मावावी. तिथून तिने ‘जेली रोल’ पाठवला. अडीच इंची रुंदीच्या चाळीसेक पट्ट्यांची ती गुंडाळी असते. मी अंघोळीला गेले होते; ह्यांनी पार्सल घेतलं, वरचं नाव वाचलं आणि काळजीपूर्वक फ्रीजमध्ये ठेवलं. दोन दिवस मी घरभर शोधत होते. सापडला तेव्हा त्याला मेथीचा वास येत होता. दहा इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला ‘लेयर केक’ म्हणतात हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मात्र रोटरी कटर हातात आला तेव्हा मी हसले. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये हे गोल पात्याचं हत्यार बाजारात आणलं आणि क्विल्टवाल्यांचं जग बदललं, असं लेक सांगत होती. मी म्हटलं, ‘बाळा, हे कातणं आहे.’ दांडा, टोकाला फिरतं चाक. माझ्या सासूबाई याच्यानेच करंज्या कापायच्या. फरक इतकाच, की त्यांच्या चाकाला धार नव्हती आणि याच्या चाकाने बोट जातं. गेल्या दिवाळीत आमचं पितळी कातणं सापडेना, तेव्हा ह्यांनी मोठ्या हौसेने ते जपानी चाक आणून दिलं. शंकरपाळे इतके काटेकोर झाले की तेलात सोडवेनात. आमच्या पोळपाटावर मात्र कायमचा बुद्धिबळाचा पट उमटला आहे.

आता पहिल्या क्विल्टबद्दल सांगायला हवं, कारण अजून लोक विचारतात. पाच इंची चौकोन, एका ओळीत सोळा. सोळा पंचे ऐंशी. ऐंशी इंच म्हणजे जवळपास पावणेसात फुटांचं पांघरूण, हे त्यात उभे राहिले तरी मावतील, असा माझा हिशेब. शिवून पाहिलं तर लांबी भरली साडेबहात्तर. मी पुन्हा मोजलं. मग फूटपट्टीवर संशय घेतला. शेवटी ह्यांनी चष्मा लावून कागदावर मांडलं: प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं पाव-पाव इंच कापड आत जातं, शिवणी पंधरा, पंधरा गुणिले अर्धा म्हणजे साडेसात. आयुष्यभर लोकांच्या ठेवींवरचं व्याज पैशापर्यंत काढलं, आणि घरचं साडेसात इंच मुद्दल शिवणीत गेलं ते कळलं नाही. थंडीत ह्यांचे पाय बाहेर राहू लागले. मी म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ते म्हणाले, म्हण अंथरुणाची आहे, हे पांघरूण आहे.

मग वाटलं, हे परदेशी तुकडे कशाला हवेत? आपल्याकडचा फॅट क्वार्टर म्हणजे ब्लाउजपीस. तो प्रत्येक घरात असतो, कुणीही विकत घेतलेला नसतो आणि कुणी शिवतही नाही. ओटीतून येतो, हळदीकुंकवातून येतो, डोहाळजेवणात येतो, आणि पुढच्या ओटीतून निघून जातो. माझ्याकडे एक पोपटी ब्लाउजपीस २००९ मध्ये आला. कोपऱ्यात किमतीचं चिकटपत्र ओढून काढल्याचा पांढरा डाग होता. तो मी धाकट्या जावेच्या ओटीत घातला. २०१६ मध्ये तो माझ्या ओटीत परत आला, डागासकट. मधल्या सात वर्षांत त्याने मुलुंड, डोंबिवली आणि बहुधा एकदा इंदूर पाहिलं असणार. आमच्या कुळातल्या सगळ्या बायकांना तो ओळखत होता.

तो मी कापला. त्याचे बारा त्रिकोण केले.

पुढच्या चैत्रगौरीला जावेने क्विल्टमधला पोपटी त्रिकोण पाहिला आणि तिचा चेहरा पडला. ‘वहिनी, तुम्ही तो कापलात?’ मी बँकेत होते, मला कळायला हवं होतं. ते कापड नव्हतं, चलन होतं. चलनातली नोट कुणी फाडत नाही. तेव्हापासून आमच्या नात्यात माझ्या ओटीत ब्लाउजपीस पडत नाही; स्टीलची वाटी पडते. तिचे त्रिकोण होत नाहीत याची सगळ्यांना खात्री आहे.

आणलेलं सगळंच कापड मी कापते असं मात्र समजू नका. छंदाचा खरा भाग कापड आणणं हाच आहे. गोवंडीहून हार्बरची गाडी पकडायची, शेवटपर्यंत जायचं, क्रॉफर्ड मार्केटवरून मंगलदास मार्केटात शिरायचं. आत गेलं की दिशा, वेळ आणि पेन्शन तिन्हींचं भान सुटतं. मी दरवेळी ‘एकच मीटर’ म्हणून जाते. घरी आल्यावर कापड धुते, इस्त्री करते, घडी घालते, कपाटात ठेवते आणि दार उघडून बघत बसते. कापवत नाही. इतकं सुंदर कापड कापायचं कसं? कृष्णाचं बोट कापलं तेव्हा नारदमुनी सुभद्रेकडे चिंधी मागायला गेले आणि तिच्या कपाटात शालू नि पैठण्यांशिवाय काही सापडेना, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. द्रौपदीने अंगावरचं भरजरी वस्त्र टर्रकन फाडून दिलं, म्हणून सगळे तिचं कौतुक करतात. मला हल्ली सुभद्रेचं दुःख कळतं. बाईकडे नक्की कपाटभर कापड असणार, सगळं ‘एखाद्या खास क्विल्टसाठी’ ठेवलेलं.

तरी जे शिवून होतं त्याचं काय करायचं, हा पुढचा पेच. मोठी क्विल्ट दिली की घेणारा म्हणतो, ‘इतकी छान आहे, वापरायला जीवच होत नाही,’ आणि माळ्यावर ठेवतो. तेव्हा मी दुपट्यांकडे वळले. बाळंतविडा ही आपली जुनी सोय. झबली, टोपडी, कुंची आणि आजीच्या जुन्या पातळाची मऊ दुपटी. पण त्यासाठी बाळं लागतात. आमच्या दोन इमारतींत मिळून तीन वर्षांत दोन बाळं झाली. त्यांतलं एक कॅनडाला गेलं. दुसऱ्याच्या आईने दुपटं दोन बोटांत धरून विचारलं, ‘काकू, हे स्टरलाइज केलंय का?’ जन्मदर घसरतोय हे शेजारची लोकसंख्या विज्ञान संस्था मोठमोठी सर्वेक्षणं करून सांगते. माझ्या कपाटात सात दुपटी पडून आहेत, ती त्यांनी येऊन मोजावीत. एक खालच्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरला दिलं. त्याने ते लगेच वापरलं, एवढंच नव्हे, दोन दिवसांत त्याच्या पुन्हा चिंध्या केल्या. मूळ वस्तूचं मर्म त्यालाच कळलं म्हणायचं.

लेकीने एकदा अमेरिकेतल्या जीज बेंडच्या क्विल्टचं पुस्तक दाखवलं. अलाबामातलं कृष्णवर्णीय शेतमजुरांचं खेडं. तिथल्या बायकांनी घरातल्या विटक्या जीन्स, पोती, शर्ट जोडून थंडीपुरती पांघरुणं शिवली, आणि २००२ मध्ये तीच पांघरुणं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागली. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट शिवली, अंगावर घेऊन त्याची आठवण ठेवायला. मी वाचता वाचता गहिवरले. वर पाहिलं तर हे कपाटाला कुलूप लावत होते.

त्यांच्या शर्टांवर माझी नजर होती हे खरं. पण त्यांचा एकही शर्ट उपयोगाचा नाही. सगळे अर्धे पॉलिएस्टर. ते विरत नाहीत, विटत नाहीत, मऊ पडत नाहीत. माणूस त्यांच्याआधी म्हातारा होतो. गोधडीला कापड लागतं ते विरलेलं सुती, आणि आमच्या घरात विरलेलं काही उरलेलंच नाही. म्हणून मी चिंध्या शोधायला निघाले.

आमच्याच भागात गोवंडीच्या गल्ल्यांतून शिवणकामाचे छोटे छोटे कारखाने आहेत. एका दारात चिंध्यांचं पोतं दिसलं. आतल्या मुलाला विचारलं, ‘ये कैसे दिया?’

‘मशीन पोंछने के लिए चाहिए क्या?’

‘नहीं बेटा, जोडून पांघरायला. मतलब, ओढने के लिए.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी छंदाचा अ‍ॅप्रन घालून, पायांत घरच्या चपला घालून बाहेर पडले होते, आणि त्या अ‍ॅप्रनवर नणंदबाईंच्या पिशवीसारखीच छापील ठिगळं होती. तो आत गेला, पोत्यातल्या बऱ्या चिंध्या निवडून पिशवीत भरल्या, वर एक चांगलं अर्धा मीटर कापड ठेवलं. मी पर्स उघडली तर म्हणाला, ‘रहने दो आंटी. ठंडी में काम आयेगा.’

मुंबईत कुणी कंजूसपणा केला तर त्याला ‘चिंधीगिरी’ म्हणतात. माझ्या वाट्याला आलेल्या भेटींत पैशांचा हिशेब न करता दिलेली ही एकच भेट, आणि ती चिंध्यांची. घरी येऊन मी मुकाट्याने रिळाची कानातली काढून ठेवली.

माझ्या आईकडे कानातली नव्हती आणि अंगुस्तानही नव्हतं. साताऱ्याकडच्या गावात उन्हाळ्याच्या दुपारी ती ओसरीवर लुगडं पसरायची. त्यावर बाबांची धोतरं, आमचे उसवलेले परकर, विटक्या पोलक्यांच्या पाठी, जिथे कमी तिथे अजून एक थर. वरून दुसरं लुगडं. मग शेजारणी चारी बाजूंनी बसायच्या आणि कडेकडेने धावदोरा घालत, फिरत फिरत आत मधोमध यायच्या. पट्टी नाही, खडू नाही, पाव इंचाची भानगड नाही. बोलणं मात्र सतत. गावातली निम्मी लग्नं आणि सगळी भांडणं त्या टाक्यांत शिवलेली असायची. तयार वाकळ इतकी जड व्हायची की रात्री कूस बदलायची तर आधी ठरवावं लागे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कर्नाटकात कवदी. आणि आमच्या चेंबूर कॅम्पातल्या एका सिंधी आजींनी माझी क्विल्ट पाहून ‘ये तो रल्ली है’ म्हणून ती मांडीवरच घेतली. फाळणीत सगळं मागे सोडून आलेली ती माणसं. शब्द तेवढा बरोबर आला.

आईच्या गोधडीबद्दल मला नीट कळलं तेही पुस्तकातून. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय आणि ते छापलंय फ्रान्समधल्या प्रकाशनाने. पानं उलटताना सारखं वाटत होतं, आता पुढच्या पानावर आमची ओसरी येईल.

आई १९९४ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेतून अकरा लुगडी निघाली. सुती, नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. मी नोकरीवाली, जागा दोन खोल्यांची, ठेवायचं कुठे? एका रविवारी ‘भांडीयेऽऽ’ अशी हाक आली आणि मी बोहारणीला वर बोलावलं. तासभर घासाघीस झाली. ती लहान पातेलं देत होती. मी मोठ्यावर अडून बसले. मोठं देते म्हणाली तर मी झाकण मागितलं. ‘बाई, झाकणाला अजून दोन पातळं लागतील.’ मी म्हटलं, अकरांतच दे. शेवटी तिने कपाळाला हात लावून झाकणासकट पातेलं दिलं. संध्याकाळी हे घरी आल्यावर मी ते वाजवून दाखवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात दादरला एका प्रदर्शनात गेले. एका टेबलावर जुन्या सुती साड्यांची चळत होती, प्रत्येकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी: दीड हजार रुपये. मी विचारलं, ‘वापरलेल्या आहेत ना?’

‘म्हणून तर, मॅडम. बोहारणींकडून गोळा करतो. असा माल आता मिळत नाही.’

मी चळत वरपासून खालपर्यंत उलगडली. आईचं एक हिरवं लुगडं होतं, तपकिरी काठाचं, पदराजवळ रफू केलेलं. तीस वर्षं झाली, असणार कुठून. तरी शेवटचीपर्यंत पाहिलं, मग घड्या घालून दिल्या आणि त्यातल्या दोन घेतल्या. तीन हजार.

सध्या त्यांवर एक अमेरिकन नमुना शिवायला घेतलाय. त्याचं नाव ‘ड्रंकर्ड्स पाथ’, दारुड्याची वाट. पहिल्या मजल्यावरच्या काकांना कृपया सांगू नये. त्यात पाव पाव वर्तुळं चौकोनात बसवायची असतात, आणि त्यासाठी दोन गोल लागतात, शिवणीपुरता एक इंचाचा फरक असलेले. लेक म्हणाली, त्याचा प्लॅस्टिकचा संच मिळतो, पाठवू का? मी म्हटलं थांब. ताटं लावून पाहिली, वाट्या लावून पाहिल्या, पुरणयंत्राची चाळणीही. मग काल सकाळी ओट्यावर नजर गेली. पातेल्याचं तोंड लहान गोलाला बरोबर बसलं. झाकण मोठ्या गोलाला. पट्टी लावली. बरोबर एक इंच.

मी पातेलं कोरडं पुसून साडीवर पालथं घातलं आणि भोवतीने खडू फिरवायला लागले. मागे हे उभे होते, दुधाच्या पिशवीचा कोपरा दातांत धरून.